वाटीभर तेल

त्या नाटकाचा शेवट काय झाला, यावरून आमच्या घरात पन्नास वर्षं भांडण चालू आहे. श्रावणात कानबाईच्या रोटांना सगळे भाऊबंद भडगावात जमतात. कोणी सुरतेहून येतं, कोणी नाशिकहून, कोणी पुण्याहून. रात्री देवीपुढे जागरण असतं. गाणी म्हणणाऱ्या बायकांचे घसे बसले, चहाची दुसरी फेरी फिरली, की कोणीतरी काडी टाकतंच, "ते रेडिओवरचं नाटक..." झालं! जिभाऊ म्हणतात, शेवटी तो मेला. ताई म्हणते, तो मरेल कसा, न मरणं हाच तर त्याचा शाप. धाकट्याला फक्त दार आठवतं, करकरत उघडणारं. फुईने, म्हणजे आमच्या आत्याने, ऐंशी पार केली आहे. ती भिंतीला टेकून सगळं ऐकून घेते आणि निकाल देते, "तुम्ही बठ्ठा झोपेल व्हतात."

आम्ही झोपलो नव्हतो. एवढ्या एकाच बाबतीत आम्हा चौघांचं एकमत आहे.

साल 1974. दुष्काळ सरून ज्वारी पुन्हा घरात आली होती, पण मिलोच्या लाल भाकरीची चव अजून जिभेवरून गेली नव्हती. महागाई अशी, की मोठीमाय, म्हणजे आमची आजी, तेलाची बरणी स्वतःच्या खाटेखाली ठेवायची आणि भाजीला पळीने नव्हे, बोटाने तेल सोडायची. हे तेल लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

घर धाब्याचं. सागाचे खांब, वर सर, कडीपाट आणि त्यावर खाऱ्या मातीचा जाड थर. खानदेशातल्या उन्हाने दिवसभर तापलेलं लाकूड रात्री निवायला लागलं की मधूनच कडकन वाजायचं. आम्ही दचकलो की मोठीमाय म्हणायची, "काही नही रे, घर बोटं मोडी राहिनं." तिला वाटायचं आमची भीती गेली. आम्ही मात्र रात्रभर घराला बोटं किती असतील याचा विचार करत पडायचो.

मधल्या खोलीत, पोरांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर, फळीवर मर्फीचा रेडिओ होता. वर फुईने भरलेला पोपटाचा रुमाल. भिंतीपासून भिंतीपर्यंत तांब्याच्या जाळीची पट्टी ताणलेली, ती एरियल. लावायचा हक्क आबांचा. वर्षाला 15 रुपये पोस्टात भरून लायसनच्या पुस्तकावर शिक्का मारून आणत, त्यामुळे रेडिओ ऐकणं हे त्यांच्या लेखी सरकारी कामच होतं. बटण फिरवलं तरी तो लगेच बोलायचा नाही. आतले व्हॉल्व्ह तापायला अर्धं मिनिट लागायचं. आधी डायल पिवळी उजळायची, मग पोटातून घुंऽऽ असा आवाज यायचा, मग कुठून तरी लांबून माणूस बोलायला लागायचा. खोलीतला दिवा आबा बंद करायचे, वीज वाचावी म्हणून. भीतीची निम्मी तयारी त्या काटकसरीनेच व्हायची.

तेव्हा जळगावला रेडिओ केंद्र नव्हतं. मराठी ऐकायचं तर 'मुंबई ब', जिला पुढे अस्मिता वाहिनी म्हणू लागले. मालाडच्या मनोऱ्यापासून भडगाव हवाई मार्गानेही तीनशे किलोमीटरच्या आसपास. दिवसा मुंबई म्हणजे नुसती खरखर, तिच्या बुडाशी कुठेतरी 'कामगार सभा'. दिवस मावळला की मात्र जादू व्हायची. तिचं शास्त्र मला पुढे कॉलेजात कळलं. दिवसा आयनांबराचा खालचा थर मध्यम लहरी गिळून टाकतो. सूर्य गेला की तो थर विरतो आणि त्याच लहरी वरच्या थरावर आपटून शेकडो किलोमीटर पलीकडे उतरतात. पण त्या एका वाटेने येत नाहीत. वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या लहरी कधी एकमेकींना उचलून धरतात, कधी एकमेकींचा गळा दाबतात. म्हणून आवाज येतो, मोठा होतो, बुडतो, पुन्हा वर येतो.

आता विचार करा. नाटक चालू आहे. पडक्या वाड्यात एक बाई एकटी आहे. ती विचारते, "कोण आहे?" आणि नेमकं त्याच क्षणी मुंबई बुडते. खोलीभर नुसती खरखर. आबा कान लावून खुंटी केसाएवढी फिरवतायत. अंधारात आम्ही चौघं एकाच गोधडीखाली. मिनिटाने आवाज परत येतो तेव्हा ती बाई हुंदके देत असते. मधल्या मिनिटात काय झालं? मुंबईच्या नाटककाराने काय लिहिलं होतं कोण जाणे. आमच्याकडे त्या एका मिनिटाची चार वेगळी नाटकं तयार व्हायची. जिभाऊंच्या नाटकात सुरा असायचा, ताईच्या नाटकात पाळणा. धाकट्याच्या नाटकात काहीच नसायचं, आणि तेच सगळ्यांत वाईट असायचं.

जूनच्या तोंडाशी तर आकाशही नाटकात काम करायचं. सातपुड्याकडे वीज चमकली की रेडिओत आधी चर्रर्र व्हायचं, गडगडाट मागून यायचा. स्टुडिओतली माणसं पत्रा हलवून मेघगर्जना करतात हे आम्हाला माहीत नव्हतं. आम्हाला वाटायचं, भडगावातला पाऊस आणि मुंबईच्या नाटकातला पाऊस एकच आहे.

भयाची नाटकं रोज नसायची हे इथेच सांगून टाकतो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं आकाशवाणी म्हणजे स्मशानच होतं. बहुतेक नभोनाट्यं संसाराची, हसण्यारडण्याची. नीलम प्रभू आणि बाळ कुडतरकर 'पुन्हा प्रपंच'मधून मीनावहिनी आणि टेकाडे भाऊजी होऊन घरी यायचे, तेव्हा आबाही गालात हसायचे. विविध भारतीवर 'हवामहल'च्या झलक्या. पण महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी रात्री नाटकांचा अखिल भारतीय कार्यक्रम असायचा. एकच नाटक, त्याच रात्री, देशभरातल्या केंद्रांवरून आपापल्या भाषेत. ते गंभीर असायचं, लांब असायचं आणि मुलांसाठी मुळीच नसायचं. म्हणून आम्ही ते कधी चुकवलं नाही.

आणखी एक भीती होती, तिला नाटक म्हणता येणार नाही. रामसे बंधूंचा 'दो गज जमीन के नीचे' 1972 साली आला तेव्हा त्याची रेडिओवरची जाहिरात हेच एक प्रकरण होतं. दार, वारा, किंचाळी. पुढे आम्ही तो चित्रपट तंबूत पाहिला आणि पोट धरून हसलो. भुताला चेहरा मिळाला की ते आमच्या चाळीसगावच्या मामांसारखं दिसतं, हा शोध त्या दिवशी लागला.

'महल'चं गाणं लागलं की मात्र फुई हातातलं काम ठेवायची. 1949 चा तो चित्रपट आमच्यापैकी कोणीच पाहिला नव्हता. त्या गाण्याची गंमत मी पुढे वाचली. तबकडीवर गायिकेच्या जागी 'कामिनी' असं छापलं होतं, म्हणजे चित्रपटातल्या पात्राचं नाव. गाणारी आहे तरी कोण म्हणून श्रोत्यांनी रेडिओला पत्रांवर पत्रं धाडली, आणि मग लता मंगेशकर हे नाव लोकांना कळलं. ती बाई लांबून जवळ येत गाते आहे असं वाटावं म्हणून लताबाईंना मायक्रोफोनपासून दूर उभं केलं होतं आणि गात गात त्या पावलापावलाने जवळ आल्या. भीती दाखवण्याची रेडिओची सगळी विद्या या एका चालण्यात आहे. ओरडायचं नाही. लांबून यायचं, सावकाश.

ती विद्या जगभर एकच असावी. इंग्लंडमध्ये बीबीसीने 15 जानेवारी 1924 रोजी रिचर्ड ह्यूजची 'डेंजर' ही श्राव्यनाटिका ऐकवली, खास रेडिओसाठी लिहिलेल्या नाटकांतली ती अगदी पहिली. तिची सुरुवातच कोळशाच्या खाणीत दिवे जाण्याने होते. म्हणजे रेडिओनाटक जन्मलंच अंधारात. शिकागोत विलिस कूपरने 1934 साली मध्यरात्रीचा 'लाइट्स आउट' सुरू केला. नावातच दिवे मालवा! आबांनी तो न ऐकताच त्याची शिस्त पाळली होती. ऑर्सन वेल्सने 30 ऑक्टोबर 1938 च्या रात्री मंगळावरची माणसं अमेरिकेत उतरवली ते तर सर्वांना ठाऊक आहे. अर्धा देश रस्त्यावर धावला वगैरे त्यातलं बरंचसं वर्तमानपत्रांनी फुगवलं होतं, असं आता अभ्यासक म्हणतात. मला त्याचं नवल वाटत नाही. आमच्या गल्लीत एका हडळीची सकाळपर्यंत चार व्हायला वर्तमानपत्र लागत नसे.

त्या 'लाइट्स आउट'वाल्यांच्या करामती वाचताना मला एकदम आमचं धाबं आठवलं. मुंडकं तुटल्याचा आवाज हवा असला की ते मायक्रोफोनपुढे कोबीचा गड्डा कापत. आम्ही उन्हाळ्यात धाब्यावर झोपायचो आणि आपली नाटकं आपणच करायचो. कोबी कुठला आणणार? आम्ही गंगाफळ कापायचो. जिभाऊंनी आखाजीसाठी ठेवलेलं गंगाफळ एका खुनात वापरलं आणि सकाळी मार खाल्ला. वाळल्या पऱ्हाट्या चुरडल्या की जंगलात कोणी चालतंय. गव्हाचं सूप हळूहळू तिरपं केलं की गिरणा नदीचं पाणी. घागरीत तोंड घालून बोललं की भूत. हे आवाज आम्हाला कोणी शिकवले नाहीत. ऐकणाऱ्याने डोळे मिटायचे एवढीच अट होती, आणि धाकट्याचे डोळे आम्ही बळेच बांधायचो. तो आता बँकेतून निवृत्त झाला आहे. अजूनही गंगाफळाची भाजी खात नाही.

मोठीमायला पुस्तकी मराठी पुरती कळत नसे. ती अहिराणीत जगली. रेडिओवर बोललेलं तिच्या कानात शिरून अहिराणी होऊन बाहेर यायचं आणि वाटेत त्यात गिरणेचं पाणी मिसळायचं. तिच्याकडे स्वतःचा माल भरपूर होता. 1872 साली गिरणेला महापूर आला आणि भडगावातली घरं वाहून गेली, हे तिने सासूकडून ऐकलेलं, सासूने तिच्या सासूकडून. त्या पुरातली माणसं अमावास्येला पाण्यातून हाका मारतात, म्हणून रात्री हाक आली तर तिसऱ्या हाकेशिवाय 'ओ' द्यायची नाही, असा घरचा कायदा. डोहात आसरा, वडावर मुंजा, कजगावच्या रस्त्याला चकवा. रेडिओतली भुतं तिने या यादीत सहज सामावून घेतली. एकदा नाटकातली म्हातारी खोल आवाजात म्हणाली, "बाळ..." आणि गोधडीतून धाकटा म्हणाला, "ओ!" पहिल्याच हाकेला! मोठीमायने रेडिओ बंद करायला लावून त्याच्यावरून मीठमोहऱ्या ओवाळल्या, चुलीत टाकल्या, आणि चुलीतून तडतड आवाज आला तो ऐकून म्हणाली, "दखा, लागेल व्हती." आबांनी डोक्याला हात लावला. नाटक मात्र तिथेच राहिलं.

तर ती रात्र. अशाच एका महिन्याचा शेवटचा गुरुवार. नाटकात महाभारत होतं, युद्ध संपल्यानंतरचं. मोठमोठे संवाद, ते आम्हाला कळत नव्हते. कळला तो अश्वत्थामा. त्याने झोपलेली मुलं मारली होती, त्याच्या कपाळाचा मणी काढून घेतला होता आणि आता ती जखम घेऊन तो फिरणार होता, मरण न येता. मी पुढे धर्मवीर भारतींचं 'अंधायुग' वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. ते काव्यनाटक 1962 साली सत्यदेव दुबे यांनी मुंबईत रंगमंचावर आणलं, पण त्याच्या आधी ते अलाहाबादच्या रेडिओवरून लोकांच्या कानांवर गेलेलं होतं. आमचं नाटक त्याचंच मराठी रूप होतं का? शपथेवर सांगणार नाही. ताई 'हो' म्हणते. ताई सगळ्यालाच 'हो' म्हणते.

मुंबई त्या रात्री फार बुडत होती. अश्वत्थामा बोलायला लागायचा, त्याचा घोगरा आवाज खोलीभर व्हायचा आणि मग कोणी गळा धरावा तसा लांब जायचा. वर घर बोटं मोडत होतं. मागच्या निंबावर पिंगळा बोलला. शेवटच्या पाच मिनिटांत एक दार वाजलं. ते नाटकातलं की आमचं, यावर आजही दोन तट आहेत. आणि त्यानंतर जी खरखर सुरू झाली ती थांबलीच नाही. आबांनी खुंटी इकडे फिरवली, तिकडे फिरवली. एकदम स्वच्छ आवाज लागला, तो हिंदीत बाजारभाव सांगत होता. आबांनी रेडिओ बंद केला. पिवळी डायल विझताना तिच्यावरची गावांची नावं एकेक करून गेली.

अंधारात मोठीमायने विचारलं, "कोन व्हता तो?"

आबा म्हणाले, "अश्वत्थामा."

बस. तिला पुढचं सांगायची गरजच नव्हती. अश्वत्थामा खानदेशाचा घरचाच. दिवाळीत आदिवासी बांधव सातपुड्यात अस्तंब्याच्या यात्रेला डोंगर चढून जातात ती त्याच्याचसाठी. तिकडे बऱ्हाणपूरजवळ असीरगडावरच्या महादेवाला पहाटे कोणाच्याही आधी कोणीतरी फूल वाहून गेलेलं असतं, तो हाच, असं लोक सांगतात. आणि कपाळावरच्या जखमेला लावायला तो दारोदार तेल मागत फिरतो हे तर मोठीमायने लहानपणापासून ऐकलं होतं. बाकीचे त्याला महाभारतात ठेवून झोपायला निघाले होते. तिच्या लेखी तो गावच्या शिवेवर येऊन ठेपला होता. नाहीतर त्याचा आवाज घरात कसा आला असता?

ती उठली. खाटेखालून बरणी काढली. आम्ही गोधडीच्या भोकातून बघत होतो. जी बाई बोटाने तेल सोडायची तिने पितळी वाटी काठोकाठ भरली, कडी काढली, उंबऱ्याबाहेर वाटी ठेवली आणि दार लावून घेतलं. आई म्हणाली, "अहो माय, एवढं तेल?" मोठीमाय म्हणाली, "मांगस ना तो. मंग देनं पडी."

सकाळी वाटी रिकामी होती. सांडलेली नव्हती, उपडी नव्हती. जागच्या जागी, रिकामी, आतून चकचकीत. आबा म्हणाले मांजर असेल. फुईने विचारलं, अख्खी वाटीभर तेल पिणारं मांजर भडगावात कोणाचं आहे? मोठीमाय काहीच बोलली नाही. तिने वाटी राखेने घासली आणि पालथी घातली. त्या दिवशी भाजी बिनतेलाची झाली. एकानेही तक्रार केली नाही.

पुढे 1976 साली जळगावला आकाशवाणीचं केंद्र सुरू झालं आणि आमच्या घरात सण झाला. त्याच वर्षी कापसाचे पैसे आले, आबांनी घरातली पहिली सायकल घेतली आणि पाठोपाठ चामड्याच्या पिशवीतला ट्रान्झिस्टर. जळगाव असं लागायचं की बोलणारा शेजारच्या ओट्यावर बसला आहे. दिवसा स्वच्छ, रात्री स्वच्छ. शेतीच्या सल्ल्यापासून लोकगीतांपर्यंत सगळं आपलं, आपल्या बोलण्याच्या जवळचं. आबा खूश, मोठीमायही खूश, तिला आता निम्म्याहून अधिक कळायला लागलं. आम्हीही खूश होतो. पण नाटकातल्या बाईने "कोण आहे?" विचारलं, की लगेच कोणीतरी स्वच्छ आवाजात उत्तर द्यायचं. एक शब्दही बुडायचा नाही. अशी दोन-तीन नाटकं ऐकली आणि जिभाऊ एके रात्री मधूनच उठून झोपायला गेले. भीतीचं नाटक चालू असताना घरातलं कोणी उठून गेल्याची ती पहिली वेळ.

मग आम्ही वाचनालयातून नारायण धारप आणायला लागलो, रत्नाकर मतकरी आणायला लागलो. मतकरींची पहिली एकांकिका 1955 साली मुंबई आकाशवाणीवरूनच गेली होती. कदाचित म्हणूनच त्यांच्या कथा वाचताना त्या ऐकू येतात. मर्फी माळ्यावर गेला, त्यात उंदरांनी घर केलं. मोठीमाय 1983 ला गेली.

यंदाच्या जागरणात मात्र एक नवंच निघालं. शेवटावरचं भांडण नेहमीच्या वळणाला आलं होतं. फुईचा निकालही देऊन झाला होता. तेवढ्यात जिभाऊ सत्तरीच्या उंबरठ्यावरचं हसू हसले आणि म्हणाले, "आता सांगून टाकतो. ते तेल मी घेतलं होतं. पहाटे उठलो, वाटी उचलली, आणि सगळं सायकलच्या चेनला घातलं. मोठीमायच्या भीतीने बोललो नाही इतकी वर्षं."

सगळे हसले. धाकट्याने तर टाळीच दिली. पोरं म्हणाली, बघा, सुटलं कोडं. कोणीतरी चहा आणायला उठलं.

ताई एकटीच हसली नाही. ती बोटांवर काहीतरी मोजत होती.

"जिभाऊ," ती म्हणाली, "सायकल तर शहात्तरला आली."